रिपोर्ट नॉर्मल, मग पुढे काय? वेंगुर्ल्यात बसून थेरपिस्ट शोधताना

सगळ्यात आधी सांगून टाकतो, माझं हार्ट ठणठणीत आहे. ते सिद्ध करणारी फाईलच आहे माझ्याकडे, चांगली जाडजूड, त्यात ईसीजी आहेत, टू-डी इको आहे, ट्रेडमिलवर पळवून केलेली स्ट्रेस टेस्ट आहे, ट्रोपोनिन, म्हणजे हार्ट अटॅक आहे का ते बघायची रक्ताची टेस्ट आहे, आणि अ‍ॅसिडिटी असेल म्हणून कोल्हापूरला केलेली एंडोस्कोपीपण आहे. सगळं नॉर्मल. आणि हे सगळं नॉर्मल असताना मला आंबोली घाट चढताना गाडी बाजूला घ्यायला लागायची, छातीत धडधड, बोटांना मुंग्या, घशात कायतरी अडकलंय असं, आणि डोक्यात एकच की संपलं आता, पोरांचं काय होणार.

मी वेंगुर्ल्याचा, एका काजू कारखान्यात हिशेब आणि माल पाठवायचं बघतो, म्हणजे बेळगाव-कोल्हापूरच्या फेऱ्या या कामाचाच भाग. सीझन होता, बीचा दर रोज हलत होता, एक मोठं पेमेंट अडकलेलं, बाबा जाऊन वर्ष होत आलेलं, झोपेचा पत्ता नाही. यातलं नक्की कशाने झालं ते मला अजूनही सांगता येत नाही आणि नंतर कळलं की ते शोधून काढायलाच पाहिजे असंही काही नसतं. रात्री झालं की बायको शेजाऱ्यांना उठवायची, गाडीतून दवाखाना, ईसीजी, नॉर्मल, "टेन्शन घेऊ नका", घरी. हे "टेन्शन घेऊ नका" म्हणजे काय करायचं ते आजपर्यंत एकाही डॉक्टरने सांगितलेलं नाही. एकाने झोपेची अर्धी गोळी लिहून दिली. ती काम करते यात वाद नाही, थोड्या वेळात सगळं शांत, आणि नेमकी तीच तिची भानगड आहे, कारण ती जात थोडे दिवस घ्यायची असते, जास्त दिवस घेतली की सवय लागते आणि मग सोडताना धडधड अजून वाढते. हे मला गोळी देताना कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या शर्टाच्या खिशात ती स्ट्रिप, एका मित्राने दिलेली सॉर्बिट्रेट (हार्टसाठी जिभेखाली ठेवायची गोळी), आणि हातात पाण्याची बाटली, असा मी फिरत होतो.

आईचं म्हणणं वेगळं. "झिला, ह्या काय डॉक्टराचा काम नाय, बाहेरचा काय आसा काय ता एकदा बघूक होया." आमच्याकडे हे कोणी बोललं की हसायचं नसतं, निदान आईसमोर तरी. ती सातेरीच्या देवळात जाऊन गाऱ्हाणं घालून आली, "व्हय महाराजा" झालं, नारळ ठेवला, मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पुढच्याच आठवड्यात बाजारात भाजी घेताना परत झालं आणि मी पिशवी तिथेच ठेवून घरी पळत आलो. तेव्हा बायको म्हणाली की हार्टचे सगळे डॉक्टर करून झाले, देव करून झाला, आता डोक्याचा डॉक्टर राहिलाय फक्त.

आता डोक्याचा डॉक्टर म्हटलं की सिंधुदुर्गात माणसाच्या डोळ्यासमोर एकच गोष्ट येते, रत्नागिरी. कोणी जरा विचित्र वागला की "रत्नागिरीक धाडूची येळ इली काय?" हे आम्ही लहानपणापासून बोलत आलोय. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणजे सरकारच्या जुन्या चार मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक, ठाणे, येरवडा आणि नागपूर ही बाकीची तीन. तिथे ओपीडी असते, लोक सकाळी जाऊन दाखवून संध्याकाळी घरी येतात, हे मला चाळिशीत कळलं. कळलं कसं, तर विचारलं म्हणून. बहुतेकांना अ‍ॅडमिट व्हायची गरज कधीच लागत नाही, पण आपल्या डोक्यात ती उंच भिंत आणि गेट एवढंच असतं.

खरी अडचण अशी की मला कोणाकडे जायचं हेच कळत नव्हतं. गूगलवर शोधलं तर सायकॅट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, थेरपिस्ट, लाइफ कोच, हिलर, सगळे एकाच यादीत, सगळ्यांचे फोटो हात बांधून हसतानाचे. ते नंतर मला जसं समजलं तसं सांगतो. सायकॅट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, हा एमबीबीएस करून पुढे एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर, या यादीतला गोळ्या लिहू शकणारा तोच, त्याच्या प्रिस्क्रिप्शनवर मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा डॉक्टर नाही, गोळ्या देऊ शकत नाही, तो बोलून, टेस्ट घेऊन, पद्धतशीर थेरपी करतो, त्याने बहुतेक करून हॉस्पिटलमध्ये काम करत करायचा दोन वर्षांचा एम.फिल. कोर्स केलेला असतो, आणि त्याचं नाव रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या, म्हणजे आरसीआयच्या रजिस्टरमध्ये असावं लागतं. त्या नंबराला सीआरआर नंबर म्हणतात आणि तो विचारला तर चांगला माणूस रागावत नाही. आणि काउन्सेलर किंवा समुपदेशक हा शब्द मात्र मोकळा आहे, एम.ए. सायकॉलॉजी करून वर्षानुवर्षं चांगलं काम करणारेपण तोच लावतात आणि शनिवार-रविवारच्या कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावणारेपण तोच लावतात. थेरपिस्ट तर कोणीही म्हणवून घेतो.

पण म्हणून डिग्री म्हणजेच सगळं असंही नाही. गोव्यातल्या संगथ या संस्थेने गावातल्या साध्या माणसांना, ज्यांचं सायकॉलॉजीचं शिक्षण नाही अशांना, शिकवून डिप्रेशनच्या पेशंटशी ठरावीक पद्धतीने बोलायला लावलं आणि त्याचा फायदा झाला, हे २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलंय. फरक एवढाच की त्या लोकांच्या मागे कोणीतरी जाणकार त्यांचं काम तपासत होता. त्यामुळे मी आता डिग्रीबरोबर हेही विचारतो की तुमचं काम कोण बघतं, अडलं तर तुम्ही कोणाला विचारता. या प्रश्नाला समोरचा काय तोंड करतो त्यावरून बरंच कळतं.

असो. मी सुरुवात केली ती फोनवरून. टेलिमानस नावाची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतून बोलता येतं. घरातून करणं शक्यच नव्हतं, आमच्या घरात दार लावलं की आई विचारते काय झालं, म्हणून मोटारसायकल घेऊन सागरेश्वरला गेलो, सुरूच्या झाडांत उभा राहिलो आणि लावला. मला वाटलेलं की रेकॉर्डेड काहीतरी लागेल, पण भाषा निवडल्यावर एक मुलगी बोलायला आली, तिने आधी विचारलं की आत्ता तुम्ही सुरक्षित आहात का, जीव द्यायचे विचार येतात का, सरळ, काही आडपडदा न ठेवता. तेवढ्यानेच मला कसंतरी झालं, कारण माझ्या घरात कोणी हा प्रश्न उच्चारलाही नसता. नाही म्हटलं. मग तिने सगळं ऐकून घेतलं, मधेच एकदा लाटांच्या आवाजाने तिला ऐकू येईना म्हणून मी बाईकच्या मागे खाली बसलो, आणि शेवटी म्हणाली की हे पॅनिकसारखं, म्हणजे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यासारखं वाटतंय, पण ठरवायचं काम डॉक्टरचं, तुमच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार ओपीडी असेल तिथे दाखवा. इथे एक सांगतो, हेल्पलाइन म्हणजे थेरपी नव्हे. दर आठवड्याला त्याच माणसाशी बोलणं तिथे होत नाही. पण पहिला दरवाजा म्हणून, आणि रात्री तीनला कोणीतरी हवं म्हणून, ती मला आजही सगळ्यात कामाची वाटते.

मग ओरोस. कागदोपत्री सिंधुदुर्गनगरी, पण आम्ही ओरोसच म्हणतो. केसपेपर काढला, रांगेत बसलो, आणि रांगेत कोण भेटावं तर आमच्याच वाडीतला एक जण. दोघांनीही एकमेकांना "बीपी दाखवूक इलंय" म्हणून सांगितलं आणि दोघेही त्याच दरवाजासमोर बसून राहिलो. नंतर आम्ही दोघं यावर पोट धरून हसलो, पण ते नंतर. छोट्या गावात मानसिक आजाराचा अर्धा त्रास हाच असतो, कोण बघेल, कोण काय म्हणेल, मुलीचं लग्न, आणि गावातलं मेडिकल. हो, मेडिकल. प्रिस्क्रिप्शन घेऊन गेलो की मेडिकलवाला चिठ्ठी वाचतो, मग तुमच्याकडे बघतो, मग गोळी काढतो. मी बरेच महिने गोळ्या कुडाळहून आणायचो.

डॉक्टरांनी फार वेळ दिला नाही, देऊही शकत नव्हते, बाहेर गर्दी तेवढी होती. पण प्रश्न नेमके होते. धडधड किती मिनिटं टिकते, कळसाला किती लवकर जाते, त्याच्या भीतीने काय काय करायचं सोडलंय. या शेवटच्या प्रश्नावर मी थांबलो. घाट सोडलेला, बाजार सोडलेला, लग्नात पुढच्या रांगेत बसणं सोडलेलं, चहा सोडलेला. पॅनिक अटॅकची तेरा लक्षणांची यादी असते, त्यातली चार असली तरी त्याला अटॅक म्हणतात, माझी त्याहून बरीच जास्त निघाली. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन करायला सांगितलं, कारण थायरॉइड वाढलं तरी अशीच धडधड होते. ते नॉर्मल आलं (फाईलमध्ये अजून एक कागद). निदान पॅनिक डिसऑर्डर. एसिटॅलोप्रॅम नावाची गोळी ५ मिलिग्रॅमपासून सुरू करून पुढे १०, आणि ती झोपेची गोळी हळूहळू कमी करत बंद, एकदम बंद नाही.

या गोळीबद्दल जे मला तिथेच सांगितलं गेलं ते प्रत्येकाला सांगायला पाहिजे असं मला वाटतं. पहिला आठवडा-दीड आठवडा मळमळेल, तोंड सुकेल, अस्वस्थपणा उलट थोडा वाढेल, घाबरून सोडू नका. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फरक अजून उशिरा कळतो. बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, बरं वाटल्यावरही काही महिने, साधारण सहा ते बारा, चालू ठेवतात, आणि मग डॉक्टर उतरवतात. ही सवय लागणारी झोपेची गोळी नव्हे, पण अचानक सोडली तर चक्कर, झटके बसल्यासारखं वाटणं असला त्रास होतो. मला अगदी असंच झालं, म्हणजे मळमळ. माशाचा वास नको झाला, वेंगुर्ल्यात राहून. आईने त्याचाही अर्थ लावला. पण सांगितलेलं होतं म्हणून मी टिकलो.

आणि निघताना डॉक्टर म्हणाले की गोळीने पन्नास टक्के काम होईल, घाट चढायला सीबीटी, म्हणजे विचार आणि वागायच्या सवयी बदलायची थेरपी करा, ते माझ्याकडे या गर्दीत होणार नाही, चांगला सायकॉलॉजिस्ट शोधा. पन्नास टक्के हा त्यांचा बोलण्यातला आकडा, शास्त्रातला समजू नका.

शोधा म्हणणं सोपं. जवळच्याच एका शहरात एक समुपदेशक होते, नाव घेत नाही, बोर्डावर बऱ्याच पदव्या, आत अगरबत्ती, भिंतीवर उगवता सूर्य. गोड बोलले. सकारात्मक विचार करा, सकाळी उठून आरशात बघून हसा, मोबाईल कमी करा. मी ऐकत होतो. मग माझी भीड मोडावी म्हणून की काय, म्हणाले, "अहो तुम्ही एकटे नाही, तुमच्याच बाजूचे एक बागायतदार येतात माझ्याकडे, दोन मुली आहेत, एक नर्सिंग करते, त्यांनाही असंच होतं." नाव नाही घेतलं. पण आमच्याकडे बागायतदार, दोन मुली, एक नर्सिंगला, एवढं सांगितलं की नावाची गरज लागत नाही, मला घरासकट कळलं. मी तिथल्या तिथे ठरवलं की इथे परत यायचं नाही, कारण उद्या माझं वर्णन करून तो दुसऱ्याची भीड मोडणार. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, मे २०१८ पासून लागू आहे, त्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क लिहिलेला आहे. मला तेव्हा कायदा माहीत नव्हता, पण पोटात गोळा यायला कायदा लागत नाही.

मग गोवा. वेंगुर्ल्याच्या माणसाला काही मोठं झालं की तो शिरोड्यावरून पेडणे-म्हापसा करत बांबोळीला जातो, जीएमसीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजला, आणि तिथेच बाजूला आयपीएचबी आहे, मनोविकारांची सरकारी संस्था. तिकडे गेलेल्या ओळखीच्यांकडून चांगलंच ऐकलंय. मी मात्र पणजीत एका खाजगी सायकॉलॉजिस्ट बाईंकडे गेलो, आरसीआय रजिस्टर्ड, हुशार, शांत. पण त्यांची पद्धत वेगळी होती, त्या लहानपणावर खूप थांबायच्या, मधेमधे काही बोलायच्याच नाहीत, मी समोरच्या खिडकीकडे बघत बसायचो. आणि बोलणं हिंदी-इंग्रजीत. मी कारखान्यात हिंदी बोलतो, ट्रकवाल्याशी बोलतो, पण बाबा गेले त्या रात्रीबद्दल मला हिंदीत बोलता येईना, म्हणजे शब्द येत होते, रडू येत नव्हतं. तिकडे जायचं तर परत गाडी चालवायची भीती, बायको बरोबर, दिवस मोडणार. शेवटी बायको म्हणाली ते त्यांनाच सांग ना. सांगितलं. त्या अजिबात नाराज झाल्या नाहीत, उलट म्हणाल्या की पॅनिकसाठी सीबीटीवाला माणूसच बघा आणि मराठी बोलणाराच बघा, ऑनलाइन चालेल, आणि दोन-तीन नावं लिहून दिली. थेरपिस्ट बदलतोय हे थेरपिस्टला तोंडावर सांगायला मला घामच फुटलेला, पण चांगला असेल तर तोच पुढचा रस्ता दाखवतो.

त्या नावांना मी आधी मेसेज केले. बहुतेक जण पंधरा मिनिटं फोनवर आधी बोलतात, त्याचे पैसे घेत नाहीत. मी वहीत प्रश्न लिहून बसलेलो, माल घ्यायच्या आधी सॅम्पल बघायची सवय. पॅनिकचे पेशंट तुम्ही बघता का, कुठल्या पद्धतीने बघता, साधारण किती सेशन लागतील, मी काय घरचा अभ्यास करायचा, सीआरआर नंबर काय, माझ्या डॉक्टरशी गरज पडली तर बोलाल का, फी किती, आणि सेशन रद्द केलं तर किती कापता. एकाने या प्रश्नांवर "विश्वास ठेवा, सगळं बरं होईल" एवढंच उत्तर दिलं. एकांची फी माझ्या आवाक्याबाहेर. आणि एक मॅडम होत्या पुण्याच्या, मूळच्या कोकणातल्या नाहीत पण मराठी अगदी घरगुती, त्यांनी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं आणि "किती सेशन" ला म्हणाल्या की पॅनिकला साधारण बारा-पंधराच्या आसपास, पण चौथ्या-पाचव्यानंतर आपण बसून बघू काही फरक पडतोय का, नसेल तर मी सांगेन. आणि फी जमत नसेल तर बोला, थोडं मागेपुढे करता येतं. सरळ व्यवहार. मला तो पटला.

ऑनलाइन म्हणजे सोपं असं शहरातल्या माणसाला वाटतं. आमच्याकडे जूनमध्ये लाईट कधी जाईल सांगता येत नाही, लाईट गेली की वायफाय गेलं, आणि घरात रेंज एक दांडी. वर आई. मग मी बंदराकडे जाताना चढावर एक जागा शोधून काढली, तिथे चार दांड्या येतात, गाडी कडेला लावून काचा वर करून बसायचं, पावसात काच धुरकट होते त्यामुळे बाहेरून कोण आहे ते दिसत नाही हा फायदाच. दोन-तीनदा ओळखीच्याने काच ठोकून "काय रे, गाडी बंद पडली?" विचारलं. मॅडम तिकडून म्हणायच्या, थांबा, जाऊदे त्यांना.

आणि थेरपी म्हणजे नुसतं बोलणं नव्हतं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी लवकर गेलो असतो कदाचित. आधी त्यांनी चक्र काढून दाखवलं. छातीत जरा धडधडलं, जिना चढल्यावर होतं तेवढंच, की डोकं म्हणतं अटॅक, त्या भीतीने शरीर साप दिसल्यावर जे करतं ते सगळं करतं, श्वास भराभर, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो म्हणून बोटांना मुंग्या आणि गरगर, ती गरगर बघून डोकं म्हणतं बघ, म्हटलं होतं ना. मला बेशुद्ध पडायची सगळ्यात जास्त भीती. तर मॅडम म्हणाल्या, बेशुद्ध पडायला सहसा बीपी खाली यावं लागतं, पॅनिकमध्ये ते वर जातं, किती वेळा पडलात आत्तापर्यंत? एकदाही नाही. इतक्या वेळा झालं आणि एकदाही नाही, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

मग स्ट्रॉ. शहाळ्याबरोबर देतात तसली बारीक स्ट्रॉ आणायला सांगितली, नाक चिमटीत धरायचं आणि एक मिनिट फक्त त्या स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा. पण आधी वहीत लिहायचं की काय होईल असं वाटतं आणि किती टक्के खात्री आहे. मी लिहिलं, "गुदमरून बेशुद्ध पडेन, ८० टक्के." सुरू केलं. वीस-पंचवीस सेकंदांत तीच धडधड, तोच घसा, मी स्ट्रॉ टाकून दिली. मॅडम म्हणाल्या, परत. परत केलं, पूर्ण मिनिट. घाम आला, हात थरथरले, आणि काही झालं नाही. वहीत लिहिलं, काय झालं: घाम, धडधड, बेशुद्ध नाही. हे घरी रोज करायचं. मग ऑफिसच्या फिरत्या खुर्चीवर बसून स्वतःला गरगर फिरवायचं (कामगार बायका बघून एकमेकींना काय म्हणाल्या ते मी लिहीत नाही), मग कारखान्याच्या मागचा जिना पळत चढायचा आणि वर गेल्यावर बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही, नाडी बघायची नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. खिशातली स्ट्रिप, बाटली, नाडी बघणं, याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं पण डोक्याला वाटतं की बाटली होती म्हणून वाचलो. ती एकेक करून काढली. सॉर्बिट्रेट मी मित्राला परत केली, त्याने विचारलं एक्स्पायर झाली काय.

नंतर शिडी केली, सोप्यापासून अवघडापर्यंत. बाजारात दहा मिनिटं उभं राहणं, देवळातल्या गर्दीत, एसटीने एकट्याने कुडाळ, सावंतवाडीपर्यंत गाडी, आंबोलीच्या पायथ्यापर्यंत, मग अर्धा घाट बायकोबरोबर, मग एकट्याने. अर्ध्या घाटात एकदा जोरात झालं, धुकं होतं, पुढचा ट्रक रांगत होता, मागे हॉर्न. मी गाडी थांबवली नाही. पुढे जाऊन चहा प्यायलो, तोच चहा जो मी सोडला होता.

बाबांबद्दल पण बोललो, मधेमधे, मराठीतून. ते इथे लिहिणार नाही.

पैशाचं थोडं. गोळ्या जिल्हा रुग्णालयात मिळाल्या तर तिथून, नाहीतर बाहेरून, फार महाग नाहीत. थेरपी महाग पडते, सेशनला हजाराच्या घरात मला पडली आणि काही ठिकाणी दुप्पटही आहे. त्या २०१७ च्या कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असं लिहिलंय, मी आशेने पॉलिसी काढून बघितली, तर तिथे अ‍ॅडमिट होण्याचा खर्च आहे, ओपीडी आणि सेशन नाहीत. बऱ्याच पॉलिसींमध्ये असंच असतं, आपली स्वतः वाचावी. मी दर आठवड्याचं सेशन पुढे पंधरा दिवसांवर नेलं, मॅडमनाच विचारून, आता महिन्यातून एकदा असतं. आई या सगळ्यात मधेच एकदा देवळात कौल लावून आली की झिलाने गोळी घ्यावी का, आणि कौल उजवा पडला, त्यामुळे घरातला तो विषय कायमचा मिटला. ओरोसच्या डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, बरं झालं, माझं काम सोपं केलं देवीने.

गोळी अजून चालू आहे, पुढच्या तपासणीला कमी करायचं बघू म्हणालेत. धडधड कधीतरी होते, सीझनमध्ये झोप मोडली की जास्त. मेडिकल आता गावातलंच.

मध्यंतरी कारखान्यातल्या एका पोराने बाजूला घेऊन विचारलं की तुम्ही कोणाशी बोलता ते माका पण सांगा, रात्री झोप नाय. त्याला आधी १४४१६ दिला आणि ओरोसला बरोबर येतो म्हटलं. मॅडमचा नंबर द्यायच्या आधी मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या की एकाच ठिकाणी रोज बरोबर काम करणारे दोघं मी शक्यतो घेत नाही, एकाचं ऐकताना दुसऱ्याचं डोक्यात येतं, आणि त्यांच्याच ओळखीच्या एकांचं नाव दिलं. त्याला माझे वहीतले प्रश्न फोटो काढून पाठवलेत. त्याच्या घरी माझ्याहून वाईट रेंज, तेव्हा चढावरची जागापण दाखवून ठेवली आहे, फक्त वार वेगळा घे म्हणून सांगितलंय.